बायकोच्या चेहऱ्याची क्रीम

बायको रोज सकाळी चेहऱ्याला क्रीम लावायची. इंग्लंडमधल्या या स्लाऊची थंडी कातडं फाडते म्हणायची. मी चिडवायचो, "सत्तरी उलटली, आता कोण बघणार तुला?"

"तुम्ही आहात की. पण तुम्हाला कुठं दिसतंय."

ती गेली. इथं दहनाची तारीख लगेच मिळत नाही, म्हणून दोन आठवडे तिला फ्युनरलवाल्यांकडं ठेवली. साडी द्यायला गेलो तेव्हा तिची क्रीमची डबीही नेली. बघतो तर तिच्या सावळ्या चेहऱ्यावर त्यांनी गुलाबी पावडर थापलेली. माणसं वाईट नव्हती, पण तिचा रंग त्यांना काय ठाऊक.

मी सोबत आलेल्या मुलीला म्हणालो, "ही तुझी आई नाही. अशी मी हिला जाळू देणार नाही."

"बाबा प्लीज, स्टाफ ऐकतोय."

"ऐकू दे. मराठी कुठं कळतंय त्यांना."

ओल्या कापसानं मी सगळी पावडर पुसून काढली. खालून तिचा चेहरा निघाला, पण थंडगार. मग क्रीम लावली. कितीही चोळली तरी कातडीत मुरेना. गालावर पांढरी तशीच राहिली. शेवटी तीही मीच रुमालानं पुसली.