रुमालाची गाठ

दवाखान्यात शेवटची भेट झाली तेव्हा सुमनवहिनींना बोलता येत नव्हतं. मला पाहून त्यांनी दोन्ही मनगटं जुळवून पुढं केली. नर्सला वाटलं, सलाईनची सुई दुखतेय. मला मात्र कळलं होतं, आणि मी खिडकीकडं तोंड फिरवलं... त्याला आता दीड महिना झाला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन त्या युसूफ वडगावला आल्या आणि दोन-तीन वर्षांत बीडच्या रेडिओ केंद्रावर बायकांच्या कार्यक्रमात बोलू लागल्या. आमचे वडील सरपंच. सुनेचा आवाज बैठकीपर्यंत आलेला त्यांना खपायचा नाही, पण रेडिओवर घराचं नाव येतं म्हणून परवानगी मिळाली. मोटारसायकलवर नेण्या-आणण्याचं काम माझं. बांगड्यांची किणकिण माइकमध्ये जाते म्हणून वहिनी आधी चुडा उतरवून माझ्या रुमालात द्यायच्या. "सांभाळा भाऊजी. एक जरी फुटली तरी आत्याबाई आधी तुमाला फोडतील." आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, माझी आई.

हे मी एकदा जेवताना घरात सांगितलं. गंमत म्हणून, असं स्वतःला वर्षानुवर्षं समजावत आलो. खरं म्हणजे त्या दिवशी स्टँडवर एका मित्रानं विचारलं होतं, "वहिनीचा डायवर झाला का बे तू?" ते मला लागलं होतं.

भाकरी थापता थापता आईचा हात थांबला. "माझा लेक जिता हाय, अन् ही भुंड्या हातानं बसती?" भाऊ खाली मान घालून जेवत राहिला. शेवटी ठरलं, जायचं तर चुडा हातातच राहील. तोड वहिनींनीच काढली. एकेका हाताला फडकं गुंडाळून पाहिलं, तरी पान उलटताना काचा वाजायच्या. म्हणून दोन्ही मनगटं जुळवून वरून एकच रुमाल गच्च आवळायचा. आवळायचो मी. कागद हाताळता येईनात म्हणून त्या सगळं भाषण पाठ करायच्या. कागद न बघता बोलतात, असं लोक कौतुकानं म्हणायचे.

परतताना एकदा त्यांनी विचारलं, "घरी कुणी सांगितलं असंल हो, भाऊजी?"

"काय माहीत," मी म्हणालो आणि गाडीचा वेग वाढवला.

पुढं त्यांनी जिल्ह्याच्या पेपरात सदर चालवलं, कथांची दोन पुस्तकं लिहिली, कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेल्या बायांसाठी फोनवर ऐकायच्या गोष्टी रेकॉर्ड केल्या. उसाच्या फडात फोन मधोमध ठेवून बाया त्या ऐकायच्या. हे रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा भाऊ जाऊन वर्ष झालं होतं. वहिनींचे हात भुंडे होते. तरी पहिल्याच दिवशी त्यांनी मनगटं पुढं केली.

"वहिनी, आता कशाला?"

"बांधा. बांधल्याबिगर आवाजच निघत न्हाई आता," म्हणाल्या आणि हसल्या.

तेव्हा तरी खरं सांगायचं होतं... मी गाठ मारली.

त्यांच्या खोलीत टेबलावर फोन आहे, तो टेकवायची छोटी उशी आहे आणि शेजारी धुऊन घडी घातलेला तो रुमाल. परवा दार लावून मी तो माझ्याच मनगटांभोवती गुंडाळला. एक टोक दातांत धरून ओढलं. गाठ काही बसेना. तिला दुसऱ्याचे हात लागतात.

दवाखान्यात वहिनींना काहीतरी बोलायचं होतं. त्या दिवशी माझ्या खिशात रुमाल होता.