स्वच्छ अँजिओग्राफीनंतरची आई

आमचं शेत बोरी अरबला. मी यवतमाळला नोकरीला. एका हिवाळ्यात आई म्हणाली, "चढावर छाती आवळल्यावानी होते मले." दुखणं बोलून दाखवायचा तिचा स्वभाव नाही, म्हणून मी घाबरले. लगेच अँजिओग्राफी केली. हृदयाच्या रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

आई मात्र चढावर थांबायचीच. सोबतच्या बाया म्हणू लागल्या, मनाचे खेळ आहेत. मग तिनं सांगणंच सोडलं. कापसाच्या वेचणीला जाताना ती मागं राहायची आणि चपलेचा पट्टा नीट केल्यासारखं करायची.

ऑफिसातल्या मैत्रिणीनं नागपूरच्या एका डॉक्टरबाईंबद्दल सांगितलं. रिपोर्ट स्वच्छ असूनही छातीत दुखतं, अशाच रुग्णांवर त्यांचं संशोधन चाललं होतं. आई, बाबा आणि मी, आम्ही तिघं गेलो. बाई मूळच्या उमरखेडकडच्या. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आईला विचारलं, "किती वेळ दुखते, काकू?"

"दोन झाडं वेचून होतील, इतका."

त्यांनी समजावलं, अँजिओग्राफीत मोठ्या वाहिन्या दिसतात, पुढच्या केसासारख्या बारीक फांद्या दिसत नाहीत. त्या नीट उघडल्या नाहीत, तर चढावर हृदयाला रक्त कमी पडतं. मनगटातून बारीक तार नेऊन ते मोजता येतं. ही तपासणी संशोधनाचा भाग आहे, नाही म्हणालात तरी उपचार चालूच राहतील, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"याच्यानं बरी होईन का मी?" आईनं विचारलं.

"ते आत्ताच नाही सांगता येत. पण कायनं दुखते, ते कळंल."

"मंग करा."

तपासणीनंतर त्या स्वतः आमच्या खोलीत आल्या. वाहिन्या उघडणारं औषध दिल्यावर रक्ताचा प्रवाह जेवढा वाढायला हवा, तेवढा आईचा वाढत नव्हता. आईजवळ बसून त्या म्हणाल्या, "काकू, तुमचं दुखणं खरं आहे."

आईनं डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "हे आमच्या घरच्यायले सांगता का?"

बाहेर बसलेल्या बाबांना बाईंनी आत बोलावलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, तितक्याच शांतपणे. बाबा आईला म्हणाले, "एवढं दुखत होतं, तं बोलली काहून नाही?"

"बोललती. कोणी ऐकलं नाही, मंग बंद केलं."



गोळ्या बदलल्या, रोज सपाटीवर चालणं सुरू झालं. दुखणं पुरतं गेलं नाही, पण खूप कमी झालं. आता चढावर छाती आवळली की आई सरळ शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसते. बाबा तिच्याजवळ उभे राहतात.

मागच्या तपासणीला डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात एक बाई हातात रिपोर्ट घेऊन रडत होती. तिचा मुलगा वैतागून म्हणाला, "रिपोर्ट चांगला आला, तरी रडून राह्यली."

आई उठून तिच्याजवळ जाऊन बसली. "रडू नको, बाई," ती म्हणाली. "कुठं दुखते, ते या डॉक्टरबाईले सांग. ह्या ऐकतेत."