कल्हई केलेलं कडं

आमच्या भंडाऱ्यात पोरीचं लग्न असो की वास्तू, पितळेचं काही दिल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. शुभकार्यात लोखंड चालत नाही, आणि भांडी घडवणाऱ्या माझ्या बाबांच्या लेखी स्टील म्हणजे लोखंडच. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. माझ्या इंजिनालाही तोच नियम लागेल, हे मात्र स्वप्नातही आलं नव्हतं.

मी बंगळुरूच्या एका छोट्या कंपनीत उपग्रहांसाठी विजेवर चालणारं इंजिन बनवत होते. झेनॉन वायूच्या कणांना विजेचा भार द्यायचा, त्यांना प्रचंड वेगाने मागे फेकायचं, की यान पुढे सरकतं. जोर किती? तळहातावर ठेवलेल्या कागदाएवढा. लोक हसायचे. हसोत बापडे! अवकाशात अडवायला हवा नसते; हा इवलासा रेटा महिनोन्‌महिने मिळत राहिला, तर थोडक्या इंधनात यान मंगळाच्याही पलीकडे जाईल. माझं तारुण्य त्या रेट्यापायी गेलं. अखेर एका उपग्रहावर आम्हाला जागा मिळाली. अट एकच, निर्वात टाकीतली चाचणी पार पडली पाहिजे.

चाचणीच्या तोंडावर, इंजिनाला धरून ठेवणारं कडं तडकलं. मी दिवाळीला घरी आले होते आणि बाबांच्या कारखान्यात लेथ होता. मी माप दिलं आणि स्टीलचं करा, असं बाबांना सांगितलं. निघताना त्यांनी चकचकीत पांढरं कडं हातात ठेवलं.

"तुया कामाले मी कमी पडू देईन का?"

बापाने दिलेली वस्तू कोण कानशीने घासून बघतं?

चाचणीत इंजिन पेटलं, निळसर उजेड पसरला, आम्ही टाळ्या वाजवल्या. इंजिन तापत गेलं तसा टाकीच्या काचेवर राखाडी थर चढू लागला, आणि उजेड विझला. टाकी उघडली. कड्यावरचं कल्हईचं कथील वितळून ओघळलं होतं, आतून पिवळंधमक पितळ दिसत होतं. निर्वातात पितळ तापलं की त्यातलं जस्त वाफ होऊन उडतं आणि मिळेल तिथे बसतं. ते आमच्या इंजिनातल्या, वीज अडवणाऱ्या चिनी मातीच्या भागांवर बसलं, वीज भलत्या वाटेने गेली, इंजिन जळालं. दुसरं इंजिन नव्हतं. जागा दुसऱ्यांना गेली आणि थोड्याच दिवसांत आमचं कामच बंद झालं.

मी घरी परतले. बाबांनी कौतुकाने आपणहून सांगितलं, "पितळेचंच केलं होतं मी. खराब नोको होवाले म्हणून वरून कल्हई मारली. पोरीची वस्तू पयल्यांदा वर जाऊन राहिली, तिले लोखंड कायले द्यायचं?" मग हळूच विचारलं, "मंग काहून नाही गेलं तुयं इंजिन?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि तोंडून भलतंच निघालं.

"माझंच गणित चुकलं, बाबा."

त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "चुकते माणूस. सगळ्याइलेच नाही जमत, बेटा."

आता मी इथेच शिकवणी घेते. पोरगी हुशार आहे, पण ऐनवेळी गणितात चुकली, असं बाबा गिऱ्हाइकांना सांगतात. मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की हल्ली फळ्यापुढे उभी असतानाही मनातल्या मनात जुनी आकडेमोड पुन्हा करते आणि आपण कुठे चुकलो ते शोधत राहते.