जागा असल्यास

माणूस ओटीवर चढला की मामा आधी त्याचं वजन सांगायचा आणि मग 'ये, बस' म्हणायचा. आमच्या पोस्टमनला तो एकदा म्हणाला, "एकशे बेचाळीस." पोस्टमन हट्टाला पेटला आणि वाणगाव स्टेशनात पार्सलच्या काट्यावर उभा राहून आला. फरक पडला तो दीड पौंडाचा. मामा म्हणाला, "मी थैलीसकट सांगितलं होतं." देशात किलो आले, मी स्वतः शाळेत मुलांना किलो शिकवू लागले, तरी त्याचे पौंड काही सुटले नाहीत. आधी जुहूला आणि मग सांताक्रूझला अशी सत्तावीस वर्षं तो विमानतळावर सामानाच्या काट्यापाशी उभा होता. सगळी चिंचणी त्याला काटेमामा म्हणायची. मी त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. त्याच्याबद्दल प्रेमानं लिहायचं म्हणून बसले आहे, पण पहिल्यांदा राग येतो, त्याला माझा इलाज नाही.

त्रेसष्ट साली मामा निवृत्त झाला तेव्हा कंपनीनं त्याला हार घातला, एक घड्याळ दिलं आणि सवलतीचा पास कबूल केला. वर्षातून एकदा, नवराबायकोला, देशात कुठेही, तिकिटाच्या दहाव्या हिश्शात विमानप्रवास! गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पासाच्या तळाशी मात्र बारीक इंग्रजीत एक ओळ होती, ती मीच त्याला वाचून दाखवली: जागा असल्यास. म्हणजे पूर्ण तिकीटवाले सगळे चढेपर्यंत पासवाल्यानं बाजूला उभं राहायचं. दार लागायच्या आधी एखादी खुर्ची उरली, तर त्याला हाक मारायची. आणि खुर्चीत बसल्यावरही कोणी पैसेवाला धावतपळत आला, तर पासवाल्यानं उठायचं. राजा उदार झाला आणि हाती भोपळा दिला, दुसरं काय!

शिवाय पासवाल्यानं साहेबासारखं दिसलं पाहिजे, असाही नियम होता. लेंगा, धोतर, चपला चालत नसत. मामानं त्यासाठी राखाडी कोट शिवून घेतला होता. मे महिन्यात, समुद्रावरून वाफा येत असताना, केळीच्या वाडीतल्या दोरीवर तो कोट उन्हं खात लटकलेला असायचा. मी म्हणायची, "मामा, बाकीचे लुंगी नेसून विमानात बसतात, पैसे मोजले की झालं. तुलाच का हा जाच?" त्यावर तो म्हणायचा, "आपन कंपनीचे. आपल्यावरून कंपनीची पारख होते." कंपनी त्याला विसरून मोकळी झाली होती आणि हा मात्र अजून कंपनीचाच होता.

त्या पासावर दोघं एकदा दिल्लीला निघाली आणि एकदा बंगलोरला. दोन्ही वेळा सांताक्रूझला दोन-दोन दिवस बाकड्यावर बसून परत आली. मामीनं बरोबर घेतलेले रव्याचे लाडू बंगलोरच्या वेळेला आम्हीच खाल्ले. विमान रोज आमच्या वाडीवरून जायचं, तेव्हा मामी मान वर करून बघायची आणि हातातली केरसुणी नाचवत म्हणायची, "जा बाबा, जा. आमी हाव हितंच." ती हसायची, पण मला हसू यायचं नाही.

"तिकीटवाले आदी, आपन मागून," हे मामाचं आवडतं वाक्य. नोकरीत ते ठीक होतं, पण या माणसानं ते गावात आणलं. स्वतःच्या खिशात तिकिटाचे पैसे असताना एसटीत सगळ्यात शेवटी चढायचा. वाणगावची गाडी भरून निघून जायची आणि हा फाट्यावर उभाच! लग्नात शेवटच्या पंगतीला बसायचा, तोवर श्रीखंड संपलेलं असायचं. चांगला माणूस, चांगला माणूस म्हणून लोक त्याला मागे सारत गेले, आणि त्याला त्याचं भूषण वाटायचं. मामी चिडायची. म्हणायची, "तुमी मागं ऱ्हाता ते ऱ्हाता, मलाबी धरून ठेवता."

पासष्टच्या मे महिन्यात कलकत्त्याहून तार आली. मामाची मुलगी कुसुम, त्याचं एकुलतं एक मूल, तिकडे दिली होती. जावई एका गिरणीच्या हपिसात होता. तारेत लिहिलं होतं: कुसुम टायफॉइडनं अत्यवस्थ, ताबडतोब निघा. मामी पदर खोचून उठली आणि म्हणाली, "आजच्या मेलनं जाऊ." मामा म्हणाला, "मेल दोन रात्री घेते. विमान सकाळी सुटलं की दुपारी तितं. पास हाय ना आपला." मग त्यानंच हिशेब मांडला की एकाला जागा मिळायची मारामार, तिथे दोघांना कोण देणार? मामीनं मागे राहायचं ठरलं. निघताना तिनं मला दारामागे ओढलं. "मंदे, तुझी शाळा बंद हाय. तू जा संगं. त्यो नाय चढला तर ढकल त्याला."

कलिन्याला मामाच्या एका जुन्या सोबत्याकडे आम्ही उतरलो. पहिल्या दिवशी सकाळी मामा कोट घालून काउंटरपाशी उभा राहिला. काउंटरवर होता तो कारकून मामाच्याच हाताखाली काटा वाचायला शिकलेला. तो ओशाळून म्हणाला, "मामा, आज फुल्ल आहे. उद्या नक्की." मी म्हटलं, "मामा, संध्याकाळची मेल धरू या." तो म्हणाला, "उद्या जागा मिळाली तर मेलच्या आदी पोचतो." हिशेब बरोबर होता! दुसऱ्या दिवशीही 'उद्या नक्की'. मी कारकुनाला सांगितलं, "ह्यांची मुलगी मरायला टेकली आहे हो." तेव्हा मामानंच मला दटावलं. "काउंटरवर असं बोलू नये. त्याची अडचन होते." पैसे देऊन सहलीला निघालेली माणसं आमच्या पुढून चढत होती आणि याला त्या कारकुनाच्या अडचणीची पडली होती.

तिसऱ्या दिवशी हाक आली. मामानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, पिशवी उचलली आणि उन्हातून चालत विमानाकडे गेला. मी कठड्यापाशी उभी राहून त्याला जिना चढताना, आत शिरताना पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता घरी जायचं आणि मामीला सांगायचं, असं मनाशी म्हणत होते, तेवढ्यात एक मोटार आली. त्यातून एक जाडजूड शेठ उतरला, त्याच्या मागून हमालांनी दोन लोखंडी ट्रंका ओढत नेल्या. शेठ वर चढला. आणि दोन मिनिटांनी मामा त्याच जिन्यावरून पिशवी घेऊन खाली आला.

मला वाटलं, काही विसरलं असेल. तो कठड्याजवळ आला तेव्हा जिना काढून घेतला होता आणि पंखे फिरू लागले होते.

"काय झालं? उतरवलं तुला?"

"नाय. मीच उतरलो."

"का?"

"खिडकीतून ट्रंका बघितल्या. नव्वद-नव्वदच्या. त्यो मानूस एकशे नव्वद. आनि ह्या उनात विमान कमी उचलतं. कोनीतरी उतरायलाच पायजे होतं."

"तुला कोणी सांगितलं उतर म्हणून?"

"येनारच होते सांगायला. पासवाल्याला सांगायची येळ येऊ देऊ नये."

मी तशीच काउंटरवर गेले. कारकून कपाळावर हात मारून घेत होता. "अहो, मामा उतरले कशाला? मागे अजून दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. वजनासाठी मी आंब्याच्या चार करंड्या उतरवायला सांगितल्या होत्या. मामा खाली आलेले बघून त्या पुन्हा चढवल्या." मामा माझ्या मागेच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. त्याचा चेहरा पांढरा पडला, तरी तोंडातून निघालं ते एवढंच, "तुजी काय चूक नाय रे."

त्या क्षणी मला त्याचा जितका राग आला तितका आजवर कोणाचा आला नाही. आंबे गेले कलकत्त्याला! बाप राहिला इथे! मी त्याला भर विमानतळावर नको नको ते बोलले. तो एकेक करून कोटाची बटणं काढत राहिला. आणि ज्या कंपनीनं सत्तावीस वर्षं त्याच्या हाडांत 'तू मागून, तू मागून' मुरवलं, तिला बोलायला माझ्यासमोर कोणी नव्हतंच. एक बिचारा कारकून होता.

त्याच संध्याकाळी आम्ही मेल धरली. दोन रात्रींनी कलकत्त्याला पोचलो तेव्हा कुसुमला जाऊन दीड दिवस झाला होता. ज्या दिवशी मामा विमानातून उतरला, त्याच संध्याकाळी साडेसात वाजता ती गेली. पहिल्या दिवशी मेल धरली असती तरी भेट झाली असती. त्या विमानात नुसता बसून राहिला असता तरी झाली असती. 'विमानानं येतो' या मामाच्या तारेवर विसंबून जावई तीन दिवस विमानतळावर न्यायला जात होता. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "ती रोज सांगायची, माझा बाबा विमानवाला आहे, त्याला यायला वेळ लागायचा नाही. शेवटच्या दिवशी वरून विमान गेलं, तर नर्सला म्हणाली, आले, जरा माझे केस नीट करा." मामा खाली बसला. रडला नाही. जावयाचे पाय धरायला गेला, ते जावयानं धरू दिले नाहीत.

आम्ही चिंचणीला परतलो. मामीला तार आधीच पोचली होती. तिनं एकच विचारलं, "भेटली तुमाला?" मामा म्हणाला, "जागाच नाय मिळाली." मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याला मी आयुष्यात खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.

महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं. न वापरलेला पास परत करावा, सोबतचा फॉर्म भरून पाठवावा. फॉर्ममध्ये रकाना होता: प्रवास न करण्याचं कारण. मामाला इंग्रजी लिहिता येत नसे, म्हणून त्यानं मला बोलावलं. ओटीवर बसून मी पेन उघडलं. "काय लिहू?"

"लिव, जागा नव्हती."

"होती," मी म्हटलं. "तू बसला होतास तिच्यात. वर आणखी दोन होत्या." मी दात-ओठ खात बोलत होते, तरी आवाज चढू दिला नाही, कारण मामी आत तांदूळ निवडत होती. मामानं माझं मनगट धरलं. त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं. हे खोटं कंपनीला वाचवायला नव्हे, हे मला तेव्हा कळलं. मी लिहिलं. चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं आणि त्यानं खाली सही केली.

सूप हातात घेऊन मामी दारात आली. "काय लिवलंस गं त्यात?"

मामानं मान खाली घातली होती.

"जागा नव्हती, मामी."

"तीन दिसांत एकबी नाय?"

"नाही," मी म्हटलं. "एकही नाही."