इतकी सरळ रेघ

फोनवर नाव भारतीताईचं होतं, म्हणून मी उचलता उचलताच बोलायला लागले. आनंदनगरच्या ऑफिसात नुकतीच पोचले होते, पर्स अजून खांद्यावरच होती. "ताई, सापडलं. वाटेत दुसरा पहारेकरी आहे. तो गुपचूप अडवतो, म्हणून आपल्याला काही कळत नाही..." असं एका दमात सांगत सुटले. पलीकडून ना हुंकार, ना प्रश्न. हे ताईच्या स्वभावात बसणारं नव्हतं. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तिला पुढचा प्रश्न पडलेला असायचा. मी थांबले तेव्हा एक पुरुषी आवाज हळूच म्हणाला, "सुजाता ना? मी वसंत बोलतोय, भारतीचा भाऊ. ती गेली गं सकाळी..."

तिने पन्नाशीही गाठली नव्हती. चहा घेताना छातीत कळ आली, आणि बदलापुरातल्या बदलापुरात हॉस्पिटलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वसंतदादा तिच्या फोनवरून ओळखीच्यांना कळवत होते. माझं ते सगळं बोलणं त्यांनी न तोडता ऐकून घेतलं, याचं मला अजून नवल वाटतं. आता काही आठवडे उलटलेत. ऑफिसातले लोक तिच्याबद्दल बोलताना 'फार हुशार होत्या' म्हणतात. होतीच, पण हुशार माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ताई वेगळी होती ती तिच्या कुतूहलामुळे. काम झालं की बाकीचे सुटकेचा श्वास सोडायचे, आणि हिला तिथून पुढे खरी गंमत वाटायला लागायची.

भारती भोईर बदलापूरजवळच्या आगरी शेतकरी घरातली. वडिलांच्या पश्चात जमीन इमारतींसाठी गेली आणि त्याच जागेवरच्या एका इमारतीत या लोकांना घर मिळालं. "मी आमच्याच भातखाचरात राहते, फक्त तिसऱ्या मजल्यावर," असं ती नव्या माणसाला गंभीर चेहऱ्याने सांगायची. आई आणि ती एका घरात, वसंतदादांचं कुटुंब खालच्या मजल्यावर. लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल कोणी खोदून विचारलं तर "राहून गेलं" एवढंच. मी उल्हासनगरची. सिंधी दुकानदारांच्या शेजारात वाढलेली, तोंडात अर्धी हिंदी. ऑफिसात लागले तेव्हा माझं मराठी ऐकून ती खूश झाली होती. "छान आहे गं, शेठ लोकांशी तूच बोलत जा."

आमचं काम म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे संगणक सांभाळणं. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात बरेच संगणक राहतात. ते नुसते सॉफ्टवेअरचे बनलेले असतात, पण प्रत्येकाला वाटतं की आपण एक स्वतंत्र यंत्र आहोत. प्रत्येक कारखान्याचा असा एक. खालचा सर्व्हर दुरुस्तीला काढायचा झाला, तर आतला संगणक चालू असतानाच दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचा. पहिल्या आठवड्यात ताईने मला हे समजावलं ते असं : "चुलीवर भात शिजतोय आणि आपल्याला घर बदलायचंय. भात उतरवायचा नाही, आणि लागूही द्यायचा नाही." संगणकाच्या आठवणीतली एकेक गोष्ट तिकडे उतरवत राहायची. तोवर इकडे जे बदललं ते पुन्हा उतरवायचं. शेवटी पापणी लवेपर्यंत सगळं थांबवायचं, उरलंसुरलं न्यायचं आणि तिकडे सुरू करायचं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी थक्क झाले होते. ताई मात्र विचारत होती, "तो तर गेला तिकडे. पण त्याच्याशी बोलणाऱ्यांना ते कळलं का?"

हे तिचं आवडतं कोडं होतं. फोन कट झाला तर कळतं, टूं टूं वाजतं. पण लाइन तशीच राहून पलीकडून आवाजच आला नाही, तर समोरचा गप्प बसलाय की आपलं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये, हे ठरवायचं कसं? संगणक हलवताना नेमकं हेच होऊ शकतं. नव्या जागेवर गेलेल्याने 'आता मी इथे आहे' अशी हाळी द्यायची असते. ती कुठे विरली, तर कारखान्यातली उपकरणं आपली जुन्या, रिकाम्या जागेकडेच निरोप पाठवत बसतात. जोडणी तुटलेली असते आणि तोडल्याचं कोणी कोणाला सांगितलेलं नसतं.

एका सकाळी आम्ही लालवाणी शेठच्या कारखान्याचा संगणक हलवला. रंगांना लागणारी रसायनं करणारा कारखाना, आमच्या ऑफिसापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथल्या मोठ्या रिअ‍ॅक्टरचं, म्हणजे रसायन शिजवायच्या भांड्याचं, तापमान सतत आमच्या संगणकाकडे यायचं आणि तिथूनच त्यांच्या कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर दिसायचं. तापमान चढलं की घंटा वाजवायची तीही आमच्याच संगणकाने. हलवाहलव बिनबोभाट झाली, सगळे दिवे हिरवे. मी म्हटलं, "बघा ताई, तापमानाची रेघ हललीसुद्धा नाही." ताई चहाचा कप घेऊन उठली होती, ती तशीच थांबली. माझ्या खुर्चीमागे उभी राहून बघत राहिली.

"इतकी सरळ रेघ..." ती म्हणाली. "उकळत्या भांड्याची?"

तिने कारखान्यात फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. गणेश पवार म्हणून तिथले जुने ऑपरेटर होते. "गणेशदादा, रिअ‍ॅक्टरवरच्या काट्यावर किती दिसतंय?"

"मॅडम, स्क्रीनवर येतंय ना तुमच्याकडे. तेच आहे."

"स्क्रीन नको. तुम्ही स्वतः जाऊन काटा बघा. मी फोनवर थांबते."

ते गेले. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग लांबून यंत्रांची घरघर. ताई उभीच होती, चहाचा कप हातात तसाच. मला वाटतं, त्या वेळी ती घाबरलीही असेल. पण तिच्या तोंडावर जे दिसत होतं ते वेगळं होतं, कान देऊन काहीतरी ऐकत असल्यासारखं. मग फोनमधून गणेशदादांचा आवाज आला, पण ते आमच्याशी बोलत नव्हते, कोणावर तरी ओरडत होते : "थंड पाणी सोड... पूर्ण सोड." आणि बऱ्याच वेळाने, धापा टाकत, "मॅडम, लय वर गेला होता. आता उतरतोय."

कोणाला काही झालं नाही. मालही वाचला. आमच्या स्क्रीनवर मात्र ती रेघ अजून तशीच, शहाण्यासारखी सरळ जात होती. शेवटचा आलेला आकडा आमचा संगणक ताजा म्हणून पुन्हा पुन्हा दाखवत होता, आणि त्या आकड्यावर घंटा वाजण्याचं काही कारणच नव्हतं.

दुपारी लालवाणी शेठ स्वतः आले. त्यांचा राग साहजिक होता. आमचे साहेब गुळमुळीत काहीतरी सांगू लागले, नेटवर्कचा किरकोळ प्रॉब्लेम वगैरे. ताईने त्यांना मध्येच थांबवलं. "शेठ, आमचा स्क्रीन खोटं बोलला. जोडणी तुटणं हे होणारच, कधी ना कधी. पण तुटल्याचं आम्हाला कळलं नाही आणि आम्ही तुम्हाला शिळा आकडा दाखवला. ते मी बदलणार आहे." शेठ तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "बदलून काय होणार?"

"नवीन आकडा आला नाही, की स्क्रीन करडा होईल आणि 'माहीत नाही' असं लिहून येईल."

"अरे, इतना सब करके मशीन बोलेगा, मालूम नहीं?"

"हो. आणि मग गणेशदादा उठून काटा बघतील."

शेठ हसले नाहीत, पण बसले. चहा घेतला. जाताना मला सिंधी-हिंदीत म्हणाले, की ही बाई माझ्याकडे असती तर बरं झालं असतं.

पुढचे काही महिने ताईने तेच केलं. कारखान्यातल्या उपकरणाने पाठवलेल्या प्रत्येक आकड्याला अनुक्रमांक दिला. दोन्ही टोकांनी थोड्या थोड्या वेळाने एकमेकांना 'आहे' म्हणायचं. उत्तर आलं नाही तर वाट बघत न बसता जोडणी मेली असं धरायचं आणि नव्याने हाक मारायची. जोडणी पुन्हा लागली की संगणकाने सांगायचं, 'माझ्याकडे इथवर पोचलंय', आणि उपकरणाने तिथून पुढचे, मधल्या काळात जपून ठेवलेले आकडे द्यायचे. एकही गाळायचा नाही, एकही दोनदा मोजायचा नाही. ती स्वतः कारखान्यात जाऊन मुद्दाम वायर उपटायची आणि गणेशदादांना विचारायची, "झाला का करडा?" तो झाला की दोघंही समाधानाने माना डोलवायचे.

सगळं सुरळीत झालं, फक्त शेठच्याच कारखान्याची जोडणी दर वेळी हलवाहलवीत तुटायची. लगेच कळायचं, लगेच सावरायची, आकडे भरून यायचे. साहेब म्हणाले, "भरून येतंय ना? मग सोडा आता." ताई म्हणाली, "येतंय. पण जोडणी तुटते कशामुळे? बाकीच्यांची का तुटत नाही?" कोणी हे काम सांगितलं नव्हतं आणि त्याने कोणाचं अडतही नव्हतं. दुपारी डबा खाताना ती एखादी शक्यता मांडायची, आम्ही ती तपासायचो, खोटी ठरायची, आणि खोटी ठरली की तिला उलट हुरूप यायचा. "चला, हेही नाही," म्हणत ती लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकायची.

अखेर उत्तर मिळालं ते मला, ती जाण्याच्या आदल्या संध्याकाळी, तीच सुचवून गेलेली एक तपासणी करताना. शेठच्या कारखान्याची लाइन जुन्या वाटेने येत होती, आणि त्या वाटेवर दोन फायरवॉल होत्या. म्हणजे दोन पहारेकरी. संगणक पहिल्या जागी असताना बोलणं पहिल्याच्या दारातून व्हायचं. जागा बदलली की ते दुसऱ्याच्या दारातून जाऊ लागायचं. त्याने या बोलण्याची सुरुवात पाहिलेली नसायची, त्यामुळे मधूनच आलेले निरोप तो अनोळखी म्हणून बाजूला टाकायचा... कोणालाही न सांगता. मी ठरवलं, सकाळी सांगू. फोनवर नको, समोर बसून. तिचा चेहरा बघायचा होता. पण सकाळी फोनवर तिचं नाव दिसलं आणि मला धीर धरवला नाही.

तेराव्यानंतर मी बदलापूरला त्यांच्या घरी गेले. ताईच्या खोलीत खिडकीशी तिच्या आई बसल्या होत्या; त्यांना सगळेच आये म्हणतात. वसंतदादांनी चहा आणला आणि थोडं संकोचून म्हणाले, "त्या दिवशी तू काय सांगत होतीस गं? पहारेकरी वगैरे... मला त्यातलं काही कळलं नाही, पण डोक्यातून जात नाही." मग मी त्या दोघांना सगळं सांगितलं. रिअ‍ॅक्टरपासून, अगदी सावकाश. वसंतदादा ऐकता ऐकता रडले. आये रडल्या नाहीत. चहाचा कप बाजूला ठेवून म्हणाल्या, "पन तो दुसरा पायरेकरी सरल नाय का सांगत, की तुला नाय सोरत म्हनून?"

मी म्हटलं, "आये, चोराला कळू नये म्हणून तो गप्प राहतो. 'नाही' म्हटलं तरी चोराला कळतं, की इथे दार आहे."

"आनि जो चोर नाय, त्यानं काय करायचं?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, असे प्रश्न विचारायला ताई कॉलेजात शिकली.

त्यानंतर मी अधूनमधून रविवारी तिकडे जाते. ताईची खोली आवरलेली आहे, पण बंद केलेली नाही. आये तिथेच बसतात आणि माझ्यासाठी काहीतरी राखून ठेवलेलं असतं. भाकरी असते, कधी सुकटीची चटणी, आणि एखादा प्रश्न. परवाच्या रविवारी म्हणाल्या, "ह्यो फ्रिज आपला आपन बंद होतो नि आपला आपन चालू होतो. त्याला कोन सांगतं, गो?"

मी म्हटलं, "आत कुठेतरी थंडी मोजणारं असतं. पण ते नक्की कुठे बसवलंय, ते उघडून बघावं लागेल."

"मंग उघड," आये म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मी चाय ठेवते."