मशीनला घातलेला हार

शेजारच्या शिंद्यांच्या बोटांना अजून हळदकुंकू लागलेलं होतं, आणि त्याच बोटांनी ते मला जिन्यात मोबाइलवरचा मेसेज दाखवत होते. बाजारात मंदी असल्यामुळे सोमवारपासून कामावर येऊ नये.

सकाळी कारखान्यात खंडेनवमीची पूजा झाली. चौदा वर्षं चालवलेलं लेथ मशीन शिंद्यांनी पुसून लख्ख केलं, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. साहेबांनी मशीनला हात जोडले आणि शिंद्यांच्या हातावर पेढा ठेवला. दुपारी ते घरी पोचतात तोवर मेसेज आला. म्हणजे पेढा देताना साहेबांना सगळं ठाऊक होतं!

मला त्या पेढ्याचाच संताप येतो. आणि ही मंदी नेमकी पगारालाच कशी गाठते? दुधाला ती सापडत नाही, गॅसला नाही, शाळेच्या व्हॅनला नाही. आज झेंडूसुद्धा परवडत नव्हता. लोखंडासमोर वाकायला आपल्याला लाज वाटत नाही. माणसाला समोर बसवून दोन शब्द सांगायला मात्र जीभ उचलत नाही.

"साहेबांना फोन लावला होता," शिंदे म्हणाले.

बरं झालं, चांगलं सुनावलं असेल, असं मला वाटलं.

"सोमवारी मशीन सुरू करायच्या आधी हार तेवढा काढायला सांगणार होतो. तो फिरत्या भागात गुंडाळला जातो हो, नव्या माणसाचा हात जायचा. पण त्यांनी फोन उचलला नाही."

"मग?"

"मग गेटवर जाऊन वॉचमनला सांगून आलो. आत सोडलं नाही मला."