उन्हाळ्यापुरती सेवा

सेवा करायला निघालेल्या माणसाच्या हातून सेवा किती होते ते देव जाणे, पण किस्से मात्र ढिगानं होतात! आम्हा तिघांचं तसंच झालं. एक सांगायला घ्यावा तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. ऐकणारा शेवटी कंटाळून विचारतो, "पण तुम्ही नेमकं करत काय होतात?" ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचा उन्हाळा. मी वाशीमला मास्तर, शाळेला सुट्टी. शेषराव आसेगावचा शेतकरी. रब्बी घरात आलेली, पेरणीला अवकाश. युसूफ पिंजारी, गाद्या भरणारा. आणि भर उन्हाळ्यात गादी कोण भरून घेतो? तिघेही रिकामे. त्यात एका सभेत कुणीतरी पुढारी बोलून गेले, "तरुणांनो, हे मोकळे दिवस समाजाला द्या!" आम्ही द्यायला तयार झालो. घेणाराच सापडेना!

* * *

आधी गेलो गावातल्या वकीलसाहेबांकडे. "काम? अरे, कामाचा डोंगर पडलाय! डॉक्टरांना भेटा."

डॉक्टर म्हणाले, "मला माणसं पाहिजेतच, पण पावसाळा लागल्यावर. सध्या हेडमास्तरांना भेटा."

हेडमास्तर माझेच. मला सुट्टीत दारात बघून ते दचकले. सेवेचं नाव ऐकल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग वकीलसाहेबांकडे जा की! ते कधीचे माणसं शोधताहेत."

पुन्हा वकीलसाहेब. ते एकदम खूश! "भेटलात सगळ्यांना? शाबास! आता असेच जोमानं चालू ठेवा."

रस्त्यावर आल्यावर शेषराव म्हणाला, "गुरुजी, म्हंजे आपुन कामाले लागलो का?"

* * *

शेवटी आम्हीच शिरपूरच्या रस्त्यावर लिंबाखाली पाणपोई घातली. तीन रांजण, वर ओलं फडकं. शेजारच्या वावरातल्या विहिरीचं पाणी. वाटायला युसूफ बसला.

भर दुपारी एक पागोटेवाले गृहस्थ आले. घशाला कोरड, डोळे लाल. लोटा हातात घेतला आणि थांबले.

"हे पानी कोनाचं हाय?"

त्यांना काय विचारायचं होतं ते युसूफला बरोबर कळलं. तो म्हणाला, "विहिरीचं."

"तसं नाही. विहीर कोनाची?"

"ज्याचं वावर, त्याची."

"अन वावर कोनाचं?"

"तो आत्ताच पानी पिऊन घरी गेला. बलावू का?"

मला वाटलं, आता हे लोटा फेकणार, का युसूफला बोलणार? गृहस्थांनी एकदा युसूफकडे पाहिलं, एकदा उन्हाकडे पाहिलं आणि लोटा तोंडाला लावला. दुसरा मागितला. तिसराही प्यायले. मिशा पुसल्या.

जाता जाता मागे वळून म्हणाले, "घरी कोनं इचारलं तं सांगता येते, म्या इचारलं होतं म्हून!"

* * *

जवळच्या एका गावची जत्रा होती. तिथं आम्ही हरवलेल्या माणसांची ड्युटी घेतली. छातीला कागदी बिल्ला, हातात पत्र्याचा भोंगा. त्याच सकाळी शेषरावानं जत्रेतल्या पाण्याच्या गाडीला एक बैल जुंपला होता. तो मंडपामागे बांधलेला सापडला होता. "कोनंतरी सेवेसाठी देऊन गेलं वाट्टे. मोठ्या मनाचा मानूस!" असं तो दिवसभर सांगत होता.

दुपारी एक म्हातारा रडवेल्या तोंडानं फिरताना दिसला. शेषराव धावला.

"बाबा, हरवले का?"

"हो ना बाप्पा, हरवलं!"

"नाव काय?"

"पुंजाजी."

झालं! शेषरावानं भोंगा उचलला. "पुंजाजी सापडले होऽऽ! घरच्यायनं मंडपात या होऽऽ!" पहिले जावई आले. मग दोन्ही लेक आले. मग म्हातारी आली, नातवंडं आली, एक सोयरा तर जेवण अर्धं टाकून आला. सगळे म्हाताऱ्याला हात लावून लावून बघायला लागले. म्हातारा चक्रावला.

"अबे, ह्या साऱ्यायले काहून बलावलं? म्या कुठी हरवलो? माहा बैल हरवला, बैल!"

तेवढ्यात युसूफ पाण्याची गाडी हाकत आला. बैलानं म्हाताऱ्याला पाहिलं आणि गाडीसकट त्याच्याकडे वळला.

म्हातारा काही बोलायच्या आत शेषरावानं पुन्हा भोंगा तोंडाला लावला, "बैल सापडला होऽऽ!"

* * *

अनसिंगच्या बाजूला महामारीची भीती होती. टोचायला सरकारी डॉक्टर आले, आणि लोकांना गोळा करायचं काम आम्हाला मिळालं. खरं काम! पण इंजेक्शन म्हटलं की घरांची दारं बंद. कुणी म्हणे ताप येतो, कुणी म्हणे माणूस मरतो. शेजारच्या गावात महामारीनं दोघं दगावल्याची बातमी होती, आणि इथं कुणी हात पुढे करेना.

युसूफ म्हणाला, "पयले मले टोचा. मंग बघून लोक येतीन."

टोचलं. पण ते पाहिलं एका गल्लीनं. मग दुसऱ्या गल्लीत तो पुन्हा बाही वर करून बसला. डॉक्टर रिकामी सुई नुसती टेकवल्यासारखं करायचे आणि युसूफ हसून दाखवायचा. तिसऱ्या गल्लीतही तेच. तरी एक माणूस पुढे येईना. उलट लोक युसूफला बघून लांब व्हायला लागले. आम्हाला काही उमगेना.

चौथ्या गल्लीत एक बाई हळद घातलेलं दूध घेऊन आली. ती पहिल्या गल्लीपासून आमच्या मागे होती. युसूफच्या डोक्यावरून हात फिरवून तिनं विचारलं, "लेकरा, तुले असा कोन्ता रोग झाला रे? घडोघडी तुलेच टोचून राह्यले!"

युसूफनं तोंड उघडलं, पण तोवर बाईनं गल्लीकडे वळून हाळी दिली, "बायांनो, पोरायले घेऊन भाईर या! याच्यावानी होऊ नोये म्हून टोचून घ्या!"

संध्याकाळपर्यंत अख्खं गाव टोचून झालं. त्या गावात महामारीनं कुणी गेलं नाही. डॉक्टरांनी आमचे आभार मानले. युसूफला मात्र गावानं निरोप देताना दोन बायांनी डोळ्याला पदर लावला.

* * *

मग मी प्रौढांचा वर्ग काढला. आसेगावच्या पारावर, दुपारच्या सावलीत. लोक सावलीसाठी यायचे आणि अक्षरं ऐकून घ्यायचे. त्यातले सखारामजी फार मन लावून शिकले. एका दिवशी त्यांनी पाटीवर आपलं नाव लिहिलं. सगळ्यांना दाखवलं. पाटी मांडीवर घेऊन किती तरी वेळ नुसते बघत बसले. मलाही भरून आलं. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. मी घरी गेलो.

"सखारामजी, अजून निम्मी अक्षरं राहिलीत!"

ते मला समजावत म्हणाले, "गुरुजी, माहे झाले. बाकीचे ज्यायच्या नावात हायत, त्यायले शिकवा!"

* * *

शेवटचं काम आसेगावच्या विहिरीचं. पाणी तळाला गेलेलं, बायका अर्धी घागर घेऊन परतत होत्या. आम्ही गाळ काढायचा ठरवलं. गाव खूश झालं. भाकरी, ठेचा, आंबील, ज्याच्या घरी जे असेल ते येऊ लागलं. सगळ्यात जास्त आणायच्या गंगामाय. साठीला टेकलेली बाई. रोज काठावर येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "पोरंहो, लय खोल नका जाऊ. झालं तेवढं लय झालं."

आम्हाला वाटायचं, किती ही माया! पण झरा तर अजून लागला नव्हता. सगळं गाव म्हणे खोल जा, आणि ही एकटी म्हणे वर या. शेषराव बुचकळ्यात पडला. "काकू, तुमाले पानी नाही पायजे का?" त्या नुसतं आंबिलीचं भांडं पुढे करायच्या.

एक दिवस दुपारी झरा लागला. पाणी घोट्यावर आलं, आणि युसूफच्या पायाला काहीतरी टणक लागलं. चिखलातून त्यानं एक तांब्याची कळशी उपसून काढली. हिरवी पडलेली, काठाला पोचा आलेला. वर येऊन त्यानं ती धुतली. बाकीचे लोक जेवायला गेले होते. काठावर आम्ही तिघं आणि गंगामाय.

गंगामाय कळशीकडे बघून पांढऱ्या पडल्या.

"बाबू, माहं एक काम करशीन? मुकाट्यानं परत टाक ते खाली."

"काहून?"

"माह्या सासूची हाय. मी नवी नवरी होती तवा हरवली. तवापासून ते म्हनते, तूच पाडली, अन मी देवाची शप्पत घेऊन सांगतो का म्या नाही पाडली."

"मंग? आता त्यायले काय कळते?" युसूफ म्हणाला.

"अरे, म्हातारी अजून जित्ती हाय ना!"

तेवढ्यात काठीचा आवाज आला. म्हातारी खरंच येत होती. डोळे पूर्ण गेलेले, नातीचा हात धरलेला. झरा लागला हे तिच्या कानावर गेलं होतं. गंगामायनं कळशी ओढली, उपडी घातली, वर बसल्या आणि लुगडं नीट पसरलं. आम्ही तिघं विहिरीत बघत उभे राहिलो.

"काय भेटलं वं गाळात?" म्हातारीनं विचारलं.

"काही नाही, आत्याबाई. निरा चिखलच हाय."

"अन तू कायवर बसली?"

"गोट्यावर."

म्हातारीनं काठीचं टोक त्या गोट्याला हळूच लावून बघितलं. मग नातीला म्हणाली, "चाल." दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली,

"जपून बस वं. काठाले पोचा हाय त्याच्या!"